चोरपाटाचं पाणी

पोखर्णी हे परभणी जिल्ह्यातलं नृसिंहाचं गाव. परभणी–परळी लोहमार्गावरच्या स्टेशनाच्या नावातही नरसिंह आहेच. तंबाखू खाणाऱ्याच्या गालात गाठ निघाली की या भागात एकच शब्द ऐकू येतो, ‘टाटा’. म्हणजे परळचं टाटा मेमोरियल, १९४१ पासूनचं. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसमध्ये एक रात्र काढायची, मग तिथल्या रांगेत दिवस.

गाठ वाढते कशी, हे कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला फार समजवावं लागत नाही. रात्रीतून पाट फोडून पाणी वळवणारा शेजारी त्याने पाहिलेला असतो. बॉस्टनचे सर्जन ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली हेच मांडलं. स्वतःच्या रक्तवाहिन्या मिळेपर्यंत गाठ एक-दोन मिलिमीटरवर अडून राहते. मग ती रासायनिक सांगावा धाडते आणि शेजारच्या वाहिनीला फाटे फुटतात.

हे फाटे बुजवायला जनुक उपचाराचा डाव सुरेख आहे. निरुपद्रवी केलेल्या विषाणूवर एंडोस्टॅटिनसारख्या प्रथिनाचं जनुक लादून तो गाठीत सोडायचा. औषध शरीरच बनवील. पण विषाणू सगळ्या पेशींपर्यंत पोचत नाही, शरीर त्यालाच हुसकावतं, आणि एक पाट बुजला की गाठ दुसरा फोडते.

परळच्या डॉक्टरांनी जुन्याच दोन गोळ्या हाती घेतल्या. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज दोनदा सेलेकॉक्सिब. ही दुसरी तर सांधेदुखीची. मारा हलका पण न थांबणारा, म्हणजे फाटे फोडणाऱ्या पेशींना सावरायला उसंत मिळू नये, हा त्यामागचा एक तर्क. बरं होण्याची आशा संपलेले, डोक्या-मानेच्या कर्करोगाचे ४२२ रुग्ण निवडले. निम्म्यांना या गोळ्या, निम्म्यांना दर तीन आठवड्यांनी सिस्प्लॅटिनचं सलाइन. २०२० साली निकाल छापून आला: मध्यक आयुर्मान गोळ्यांवर ७.५ महिने, सलाइनवर ६.१. तीव्र त्रासही गोळ्यांवर कमी.

सव्वा-दीड महिन्याची ही वाढ कुणाला किरकोळ वाटेल. मला त्यातला घरी काढलेला काळ मोठा वाटतो. सलाइनसाठी खुर्चीत बसणं नाही, दर तीन आठवड्यांनी सुई नाही.

एक धोका मात्र आहे. आठवड्याची मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. गावात तारखेपेक्षा वार पक्का लक्षात राहतो, म्हणून मी तरी गोळीचा दिवस बाजाराच्या वाराशी बांधीन, आणि उरलेलं पाकीट सुनेच्या ताब्यात देईन.