परकी भाषा आणि वाढता मेंदू

स्वीडनच्या लष्कराची दुभाषे घडवणारी एक अकादमी आहे. तिथे निवडलेले तरुण अरबी, रशियन किंवा दारी भाषा अतिशय झपाट्याने शिकतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या विद्यार्थ्यांच्या मेंदूचे एमआरआय शिक्षणाआधी आणि तीन महिन्यांनंतर काढले गेले. तुलनेसाठी उमेओ विद्यापीठातले विद्यार्थी घेतले. त्यांचाही अभ्यास कसून चालू होता, पण भाषेचा नव्हे.

दुभाष्यांच्या मेंदूत स्मरणशक्तीशी निगडित हिप्पोकॅम्पस वाढलेला दिसला आणि भाषेची कामं करणाऱ्या काही भागांत मेंदूचं बाह्य आवरण जाड झालेलं आढळलं. दुसऱ्या गटात असं काही घडलं नव्हतं.

गंमत पुढे आहे. भाषा ज्यांना चांगली अवगत झाली, त्यांच्यात उजव्या हिप्पोकॅम्पसची वाढ अधिक होती. ज्यांची दमछाक झाली, त्यांच्यात कपाळामागचा एक भाग जास्त वाढला. म्हणजे अडखळत शिकणाऱ्याचा मेंदूही कामाला लागलेला असतोच!

अभ्यासातली माणसं थोडी होती, त्यामुळे परक्या भाषेने बुद्धी वाढते असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. मात्र बालपण सरल्यावरही मेंदूची रचना शिकण्याने बदलते, हे त्यातून दिसतं. जर्मन किंवा जपानीच्या वर्गात व्याकरणाशी झगडणाऱ्यांनी एवढ्यावर उमेद धरायला हरकत नाही.