हवेचं वजन

हिवाळ्यात मोबाइलवर ‘पीएम २.५’चा आकडा चढला, की बातम्यांत त्याला सरसकट ‘धूळ’ म्हणतात. मला ते पटत नाही. पीएम म्हणजे पार्टिक्युलेट मॅटर, हवेत तरंगणारे घन आणि द्रव कण. त्यात धूळ असते, पण डिझेलची काजळी आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूरही असतो. काही कण तर सल्फर डायऑक्साइड, अमोनिया अशा वायूंपासून हवेतच तयार होतात. २.५ हा आकडा मायक्रॉनमधल्या व्यासाचा. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो.

या कणांचं मी वजन करते. प्रयोगशाळेतलं माझं काम तेच. गच्चीवरचा सॅम्पलर मिनिटाला १६.७ लिटर हवा ओढतो. आतल्या वळणावर जड कण वळू शकत नाहीत, तिथेच आदळून अडकतात. बारीक कण हवेबरोबर पुढे जाऊन फिल्टरवर बसतात. दिवसभरात २४ घनमीटर हवा जाते. फिल्टर दमट झाला तरी वजन बदलतं, म्हणून आधी आणि नंतर त्याला ठरावीक तापमानाच्या, ठरावीक आर्द्रतेच्या खोलीत ठेवायचं आणि मगच काट्यावर घ्यायचं. घाई केली तर आकडा खोटा येतो.

भारतातली २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. ती गाठणाऱ्या हवेत फिल्टरचं वजन दीड मिलिग्रॅमसुद्धा वाढत नाही. रहदारीजवळचा फिल्टर मात्र तेवढ्यानेही काळवंडतो. जाड कण बरेचसे नाकाघशात अडतात. पीएम २.५ मात्र वायुकोशांपर्यंत जातात, त्यातले अतिसूक्ष्म थेट रक्तात. हृदयविकार, पक्षाघात यांच्याशी त्यांचा संबंध सिद्ध झाला आहे. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हवेतल्या या कणांना कर्करोगकारक ठरवलं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांची मर्यादा १५ वर आणली. आपल्या हवा गुणवत्ता निर्देशांकात मात्र ३१ ते ६० मायक्रोग्रॅम ‘समाधानकारक’ गणलं जातं. तेव्हा अ‍ॅपमधल्या रंगावर विसंबू नका, पीएम २.५चा मूळ आकडा उघडून पाहा. घरात दम्याचं माणूस असेल तर आकडा चढलेल्या दिवशी त्याला एन९५ मास्क द्या. ओढणी किंवा रुमाल हे कण फारसे अडवत नाही. आणि सोसायटीत झाडलेला पालापाचोळा पेटवू देऊ नका.