'अ‍ॅक्यूट' : टोकदार अर्थाचे एक विशेषण

इंग्रजी भाषेत तीक्ष्णता दर्शविणारी विशेषणे अनेक आहेत. परंतु ती सर्वत्र एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. चाकू 'शार्प' असतो, त्याची धार 'कीन' असू शकते. चाकूला 'अ‍ॅक्यूट' म्हणण्याचा मात्र प्रघात नाही. या तिसऱ्या विशेषणाची तीक्ष्णता टोकाची आहे. लॅटिन भाषेत 'अ‍ॅकस' म्हणजे सुई. त्याच कुळातील, धार लावणे किंवा टोक करणे या अर्थाच्या क्रियापदापासून 'अ‍ॅक्यूट' हा शब्द आला.

सुईचे हे टोक शब्दाच्या निरनिराळ्या अर्थांत डोकावते. भूमितीत 90 अंशांपेक्षा लहान असलेला कोन 'अ‍ॅक्यूट' होय; मराठीत त्याला मापावरून लघुकोन म्हणतात. बारीकसा आवाज टिपणारे कान आणि नेमके मर्म ओळखणारी बुद्धी यांनाही हेच विशेषण लागते. मराठीतील 'कुशाग्र बुद्धी' या शब्दप्रयोगामागे अशीच कल्पना आहे. तेथे सुईऐवजी दर्भाचे टोक आहे, इतकेच. अठराव्या शतकात या शब्दाचा आरंभीचा स्वर गळून 'क्यूट' हा शब्द तयार झाला. प्रारंभी त्याचा अर्थ 'चतुर' असा होता. 'गोजिरा' हा अर्थ पुढे अमेरिकेत रूढ झाला.

खरी सावधगिरी बाळगावी लागते ती वैद्यकात. पाण्याची टंचाई 'अ‍ॅक्यूट' आहे, असे म्हटले म्हणजे ती अतिशय तीव्र आहे असा अर्थ होतो. रोगाच्या बाबतीत मात्र हे विशेषण प्रामुख्याने काळ सांगते. एकाएकी उद्भवणारा आणि बहुधा थोडा काळ टिकणारा रोग 'अ‍ॅक्यूट'. दीर्घकाळ रेंगाळणारा 'क्रॉनिक'. हा दुसरा शब्द काळ या अर्थाच्या ग्रीक 'क्रोनोस'पासून आला आहे. साधे पडसे 'अ‍ॅक्यूट' असूनही काही दिवसांत बरे होते. मधुमेह 'क्रॉनिक' असून, फारशी वेदना न देता वर्षानुवर्षे डोळ्यांना व मूत्रपिंडांना इजा करू शकतो. अर्थात 'अ‍ॅक्यूट' रोग गंभीर नसतोच, असे नव्हे. अपेंडिक्सच्या अशा दाहावर तातडीने उपचार करावे लागतात.

मराठीत या दोहोंना 'तीव्र' आणि 'जुनाट' असे प्रतिशब्द दिले जातात. त्यामुळे 'तीव्र' वाचून रुग्ण विनाकारण धास्तावण्याचा आणि 'जुनाट' वाचून निर्धास्त राहण्याचा संभव असतो. यांतील दुसरी चूक अधिक महाग पडते. म्हणून हे विशेषण कोन, बुद्धी, टंचाई की रोग यांपैकी कशाला लावले आहे, हे आधी पाहावे आणि मगच त्याचा अर्थ करावा.