‘संधी दिली होती, काय दिवे लावले?’

जळगावचं शिवतीर्थ मैदान असो की धुळ्याचं गरुड मैदान, राखीव पोराचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. पोराला दोन-तीन डाव मिळालेले असतात, तेही खालच्या क्रमांकावर, आणि तेवढ्यावर त्याचं नाव कट होतं. हे ऐकून वीट आलाय, म्हणून एकदा हिशेबच मांडतो.

ऋतुराज गायकवाडला चेन्नई सुपर किंग्जने 20 लाखांत घेतलं आणि 2019चा अख्खा हंगाम बाकावर बसवलं. 2020मध्ये त्याला कोरोना झाला, विलगीकरणात सराव बुडाला आणि मग पहिले तीन डाव आले: 0, 5, 0. त्याच सुमारास खुद्द धोनीही म्हणाला की तरुणांमध्ये तशी चमक दिसली नाही. झालं, कट्ट्याकट्ट्यावर पोरगा निकालात निघाला.

पण ते डाव जरा नीट बघा ना! पहिल्या सामन्यात राजस्थानच्या 216 धावांचा पाठलाग चालू होता. हा पाचव्या क्रमांकावर आला, पहिल्याच चेंडूवर पुढे सरसावला आणि यष्टिचीत झाला. दुसऱ्यात धावबाद. तिसऱ्यात वेगवान गोलंदाज बोल्टने पायचीत केलं. म्हणजे तीन डाव, तीन वेगळ्या तऱ्हा. एकच खोट दर वेळी उघडी पडली असती, तर काळजी रास्त होती. शिवाय हा मुळात सलामीवीर. पहिले दोन डाव त्याच्या जागेवर नव्हतेच. त्याचा वकूब आदल्याच वर्षी, जून 2019मध्ये बेळगावात दिसला होता: श्रीलंका ‘अ’ संघाविरुद्ध 136 चेंडूंत नाबाद 187. चेन्नईने पुढचे तीन सामने त्याला सलामीलाच ठेवलं, तेव्हा नाबाद 65, 72 आणि नाबाद 62. 2021मध्ये 635 धावा आणि ऑरेंज कॅप.

तेव्हा धावफलक बाजूला ठेवा. वेगवान चेंडूला पोराचा पाय वेळेत हलतो का? दाखवलेली चूक पंधरा दिवसांनी कमी झाली का? हे बघा, आणि त्याच्या हक्काच्या क्रमांकावर सलग आठ-दहा डाव द्या. त्याआधी निकाल देण्याचा अधिकार कुणालाच नाही.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

‘राखीव म्हणजे दुय्यम दर्जाचा.’ अमेरिकी फुटबॉलमध्ये ॲरन रॉजर्स हा क्वार्टरबॅक 2005पासून तीन हंगाम ब्रेट फार्व्हच्या मागे राखीव होता. 2011च्या फेब्रुवारीत त्याने सुपर बोल जिंकला.

‘वय निघून गेलं.’ अमरावतीचा यष्टिरक्षक जितेश शर्मा मुंबई इंडियन्सकडे होता तेव्हा एकही सामना खेळला नाही. त्याचं आयपीएल पदार्पण 2022मध्ये, 28व्या वर्षी झालं.

‘बाकावर बसून आपोआप शिकतो.’ नाही. संघात जागा नसेल तर त्याला क्लबचे, कॉलेजचे, मिळतील ते सामने खेळू द्या.

‘चौदा वर्षांखालचा दांडगा पोरगा पुढे जाणारच.’ त्या वयात तो फक्त लवकर वाढलेला असू शकतो. दोन-तीन वर्षांत बाकीचे त्याला उंचीत आणि ताकदीत गाठतात.