‘मुंबई रक्तगट’ म्हणजे काय ?

वैद्यकशास्त्रांतील नवें ज्ञान केवळ मोठमोठ्या प्रयोगशाळांतूनच निघतें, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः त्या शास्त्रांतील कित्येक सिद्धांतांचा उगम रोग्याच्या खाटेपाशीं झालेला आहे. एखादा रोगी असा येतो कीं, पुस्तकांतील कोणताच नियम त्याला नीट लागू पडत नाहीं. दक्ष वैद्य त्याची हकीकत टिपून ठेवितो, आणि पुढें त्या टिपणांतून नवा नियम हातीं येतो. याचें एक उत्तम उदाहरण आपल्या मुंबई शहरांत घडलें आहे. तें आमच्या विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस ठाऊक असावें, या हेतूनें आम्ही तें येथें सांगत आहों.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. विसाव्या शतकाच्या आरंभीं व्हिएन्ना येथें कार्ल लँडस्टायनर या शास्त्रज्ञानें आपल्या व आपल्या सहकाऱ्यांच्या रक्तांतील तांबड्या पेशी आणि रक्तद्रव वेगळे काढून ते एकमेकांच्या रक्ताशीं मिसळून पाहिले. कांहीं मिश्रणांत पेशींच्या गुठळ्या झाल्या, कांहींत झाल्या नाहींत. यावरून रक्ताचे गट असतात, असें त्यानें १९०१ सालीं प्रसिद्ध केलें. या शोधाबद्दल त्यास १९३० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आज आपण ‘ए’, ‘बी’, ‘एबी’ व ‘ओ’ हे चार गट मानतों. ज्याच्या पेशींवर जी खूण नसेल, तिच्याविरुद्ध लढणारें प्रतिद्रव्य त्याच्या रक्तद्रवांत असतें, हा येथील मुख्य नियम. ‘ओ’ गटाच्या पेशींवर ‘ए’ व ‘बी’ यांपैकीं कोणतीच खूण नसते. म्हणून या बाबतींत तरी ‘ओ’ पेशी कोणासहि चालतात, असें सर्वजण धरून चालले होते.

इ. स. १९५२ च्या मे महिन्यांत लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत एक लहानसा लेख आला. मुंबईचे डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी देशपांडे आणि भाटिया, तसेच लंडनचे सँगर, रेस, मॉर्गन व वॉटकिन्स, अशीं त्यावर नांवें होतीं. मुंबईंत आढळलेल्या तीन व्यक्तींच्या रक्ताची त्यांत हकीकत होती. या तिघांच्या पेशींवर ‘ए’ अथवा ‘बी’ यांपैकीं कांहींच सांपडलें नाहीं. तेव्हां त्यांचा गट ‘ओ’ ठरावयास हवा होता. परंतु त्यांच्या रक्तद्रवानें ‘ए’ व ‘बी’ पेशींच्या तर गुठळ्या केल्याच, शिवाय ‘ओ’ पेशींच्याहि केल्या. दिसावयास ‘ओ’, आणि ‘ओ’ रक्ताशींच वैर ! ज्या शहरांत हें रक्त सांपडलें, त्याचेंच नांव या गटास मिळालें.

हें कोडें कसें सुटलें, तें समजण्यासाठीं घराच्या बांधकामाचा दृष्टांत घेऊं. घर उभारावयाचें तर आधीं जोतें लागतें. तांबड्या पेशीवरहि साखरेच्या कणांचें असेंच एक जोतें असतें. त्यास ‘एच’ हें नांव आहे. ‘ए’ गटांत या जोत्यावर एका प्रकारच्या साखरेची भर पडते, ‘बी’ गटांत दुसऱ्या प्रकारच्या, ‘एबी’ गटांत दोन्हींची. ‘ओ’ गटांत नुसतें जोतेंच राहतें. मुंबई गटाच्या मनुष्याजवळ जोतें घालणारें द्रव्यच नसतें. मग ‘ए’ वा ‘बी’ चें सामान अंगणांत येऊन पडलें असलें, तरी त्याच्यावांचून भिंत उभी राहत नाहीं. आणि ज्याला ‘एच’ ठाऊकच नाहीं, त्याचें रक्त ‘एच’ ला परका समजून त्याच्यावर तुटून पडतें. ‘ओ’ गट म्हणजे निव्वळ अभाव नव्हे, त्यावरहि कांहीं आहे, याचा इतका उघड पुरावा या रक्तानेंच दिला.

या ज्ञानानें एक घरगुती अन्यायहि टळूं शकतो. आई ‘ओ’, बाप ‘ए’, आणि मूल मात्र ‘एबी’, असें निघालें म्हणजे लोक त्या माउलीकडे संशयानें पाहतात. परंतु १९५५ सालीं अमेरिकेंत फिलिप लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. तींत चाचणींत ‘ओ’ दिसणाऱ्या स्त्रीकडून तिच्या अपत्याकडे ‘बी’ हा गुण गेलेला होता. ‘बी’ तिच्याजवळ होताच. जोत्याअभावीं तो दिसत नव्हता इतकेंच. जोत्याचा गुण व ‘ए-बी’ चा गुण हे निरनिराळ्या गुणसूत्रांवर, म्हणजे अनुक्रमें एकोणिसाव्या व नवव्या गुणसूत्रावर असतात, हें आतां ठरलें आहे. आईबाप दोघांकडूनहि सदोष गुण आला तरच मूल मुंबई गटाचें होतें; म्हणून जवळच्या नात्यांतील विवाहांत याचा संभव वाढतो.

भारतांत अशीं माणसें सुमारें १०,००० त एक असावीं, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. एरव्हीं हीं माणसें अगदीं निरोगी असतात. संकट येतें तें रक्त घेण्याच्या वेळीं. त्यांस ‘ओ’ रक्त दिलें तर आलेल्या पेशी फुटतात, मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात आणि प्राणावरहि बेततें. त्यांना मुंबई गटाचेंच रक्त लागतें. यास्तव रक्तपेढींत केवळ पेशी पाहून थांबत नाहींत. रोग्याचा रक्तद्रव माहीत असलेल्या ‘ओ’ पेशींशीं मिसळून पाहतात, आणि शेवटीं दात्याच्या पेशींशीं त्याची जुळणी करितात. रुग्णालयांत रोग्याचे नातलग ‘रक्त आणलें आहे, मग उशीर कां ?’ म्हणून रागावतात. तो वेळ याच जुळणीचा असतो, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें. ज्यांचा गट असा दुर्मिळ ठरला असेल, त्यांनीं त्याची नोंद जवळ बाळगावी, भावंडांचेंहि रक्त तपासून घ्यावें आणि रक्तपेढीस आपला पत्ता कळवावा. कारण अशा मनुष्याचा दाता बहुधा त्याच्या भावंडांतच सांपडण्याचा संभव अधिक.

आतां विद्यार्थ्यांसाठीं दोन शब्द. नळींत नको तेथें गुठळी दिसली, तेव्हां ‘नळी अस्वच्छ असेल’ म्हणून ती धुऊन टाकणें सोपें होतें. त्या डॉक्टरांनीं तसें केलें नाहीं. पुनः पाहिलें, इतरांस दाखविलें आणि जसें दिसलें तसेंच लिहिलें. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेंत पुष्कळदां उलट घडतें. उत्तर पुस्तकाशीं जुळलें नाहीं कीं, शेजाऱ्याच्या वहींतून बरोबर आंकडा उतरविला जातो. यापुढें तसें न करितां, आलेला आंकडा आहे तसा लिहा, त्याखालीं प्रयोग पुनः करून आलेला दुसरा आंकडा लिहा, आणि वही आम्हांस दाखवा. गुण त्याचेहि मिळतील.