चुनखडी, अम्ल आणि गणित

‘गुरुजी, ह्या गणिताचा उपयोग काय?’ हा प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो. त्याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यांतील दगडापासून आरंभ करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

कोरपना-गडचांदूरकडील विद्यार्थ्यांस चुनखडी नवी नाही. तिच्याच जोरावर तेथे सिमेंटचे कारखाने चालतात. अहेरी तालुक्यात देवलमरी-काटेपल्लीकडेही ती आढळते. ह्या दगडावर हायड्रोक्लोरिक अम्लाचा थेंब टाकला म्हणजे तो फसफसतो. त्यातील कॅल्शियम कार्बोनेटचे कॅल्शियम क्लोराइड बनून ते पाण्यात विरघळते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटास ७३ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड लागते, व ४४ ग्रॅम वायू निघतो. येथवर त्रैराशिक पुरते. परंतु हीच क्रिया दगडाच्या पोटातील सूक्ष्म छिद्रांत घडू लागली तर?

हा प्रश्न पोकळ नव्हे. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर, समुद्रतळाखाली, १९७४ साली ‘बॉम्बे हाय’ हे तेलक्षेत्र सापडले. तेथील तेल तळ्यासारखे साचलेले नसून बव्हंशी सच्छिद्र चुनखडीत मुरलेले आहे. अशा दगडात विहीर खणताना भोवतालची छिद्रे चिखलाने बुजतात. ती मोकळी करण्यास आत अम्ल लोटतात. हर्मन फ्राश ह्या रसायनज्ञाने अमेरिकेत १८९६ साली ह्या युक्तीचे पेटंट घेतले. पण तेथे दृष्टी पोहोचत नाही, आणि एकदा विरघळलेला दगड पुन्हा घडविता येत नाही. अम्ल भलतीकडे जाऊन खालच्या पाण्यास वाट फुटली, तर तेलाऐवजी पाणीच वर येऊ लागते.

अम्ल फार सावकाश लोटले तर ते तोंडाशीच दगड खात बसते व तेथेच खर्च होते. फार वेगाने लोटले तर ते सर्वत्र पसरून प्रत्येक छिद्र किंचित रुंद करते, मोठी वाट कोठेच पडत नाही. मधल्या एका वेगाने मात्र वाळवीने लाकूड पोखरावे तसे अरुंद बीळ दूरवर जाते, आणि थोडक्या अम्लात काम होते. हा मधला वेग शोधणे हेच खरे गणित होय.

त्यासाठी संगणकात दगडाचे हजारो लहान चौकोन कल्पितात. प्रत्येकाची सच्छिद्रता ठरवितात. आँरी दार्सी ह्या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली मांडलेल्या नियमावरून त्यातील प्रवाह काढतात. मग क्षणाक्षणास किती अम्ल आले, किती दगड विरघळला, छिद्र किती वाढले, ह्याचा हिशेब करतात. छिद्र वाढले की प्रवाह वाढतो, आणि प्रवाह वाढला की छिद्र आणखी वाढते; म्हणून तोच हिशेब पुनःपुन्हा करावा लागतो. छिद्रातील सूक्ष्म क्रिया व दगडातील स्थूल प्रवाह ह्यांची सांगड घालणारी एक प्रसिद्ध रीत पंगा, झियाउद्दीन व बालकोटय्या ह्यांनी २००५ साली प्रसिद्ध केली.

ह्यात एक गोष्ट मोठी नवलाची आहे. सर्व चौकोन अगदी सारखे मानले, तर अम्लाची आघाडी सरळ भिंतीसारखी पुढे सरकते. बीळ पडतच नाही. खरा दगड कोठेही एकसारखा नसतो, म्हणून हिशेबातही थोडे कमीजास्त मुद्दाम घालावे लागते. शिवाय उत्तर खऱ्या दगडाच्या तुकड्यावर प्रयोगशाळेत पडताळून पाहावे लागतेच. कारण चुकीच्या आकड्यांवर बिनचूक हिशेब केला, तरी उत्तर चुकीचेच येते.

बालमित्रहो, जेथे डोळा पोहोचत नाही तेथे गणित पोहोचते, हा त्याचा उपयोग. आणि केसाएवढ्या भेगेचे पुढे भुयार होते, ही गोष्ट दगडाइतकीच मनुष्याच्या सवयींसही लागू आहे, हे पालकांस आम्ही वेगळे सांगावयास नको.