तीन लाइन, आठ एक्स्टेंशन : टिळकवाडीतल्या छोट्या टेलिफोन यंत्रणेची जोडणी

छोट्या व्यवसायाची टेलिफोन यंत्रणा म्हणजे मुळात भिंतीवर टांगलेली एक पेटी. एका बाजूने तिच्यात टेलिफोन कंपनीच्या दोन-चार लाइन येतात आणि दुसऱ्या बाजूने आठ, सोळा किंवा चोवीस एक्स्टेंशन कार्यालयभर जातात. आठही माणसे एकाच वेळी बाहेर बोलत नाहीत. त्यामुळे तीन लाइन आठ जणांना पुरतात आणि आतल्या आत बोलायला पैसे पडत नाहीत. सगळी मांडणी या साध्या हिशेबावर उभी आहे. पेटीचे नाव ईपीएबीएक्स, पण बोलण्यात सर्रास ‘इंटरकॉम’ म्हणतात. बेळगावच्या टिळकवाडीत आरपीडी क्रॉसच्या आसपासचे दवाखाने, काँग्रेस रोडकडची सल्लागारांची आणि विम्याची कार्यालये, शिक्षणसंस्था, लॉज आणि तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे उद्यमबागेतले कारखाने हे तिचे नेहमीचे गिऱ्हाईक.

या पेटीच्या भारतीय इतिहासातले एक महत्त्वाचे पान बेळगाव जिल्ह्यातलेच आहे. सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था स्थापन झाली. लहान गावांसाठी तिने १२८ पोर्टचे डिजिटल ग्रामीण एक्स्चेंज तयार केले आणि त्यातले पहिले जुलै १९८६ मध्ये कित्तूरला सुरू झाले. धूळ आणि उन्हाळा सोसत, वातानुकूलनाशिवाय चालायचे, ही त्याच्या रचनेची अट होती. त्याच घडणीतून कार्यालयांसाठीचे १२८ पोर्टचे पीबीएक्स आले आणि त्याचे तंत्र देशातल्या खाजगी कारखान्यांना परवान्यावर देण्यात आले. नव्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे तो हा काळ. हाती आलेल्या दोन लाइन दहा टेबलांना वाटून देणारी पेटी ही तेव्हा चैन नव्हती, निकड होती. पुढे पॅनासॉनिकची तीन लाइन आणि आठ एक्स्टेंशनची छोटी यंत्रे आली, वडोदऱ्याच्या मॅट्रिक्ससारख्या भारतीय उत्पादकांचीही आली. यंत्र दहा-पंधरा वर्षांत बदलते. भिंतीतली वायर मात्र दोन-तीन यंत्रे पाहते. म्हणून खरे लक्ष द्यायचे ते पेटीच्या किमतीकडे नव्हे, वायरिंगकडे.

काम सुरू होते ते जागा पाहण्यापासून. टिळकवाडीतली अनेक कार्यालये जुन्या कौलारू बंगल्यांत आहेत: जाड भिंती, लाकडी वासे आणि मागून जोडलेल्या स्लॅबच्या खोल्या. दगडी भिंत फोडून पाइप गाडण्यापेक्षा दाराच्या चौकटीवरून केसिंग-कॅपिंगची पट्टी नेणे शहाणपणाचे. वाशांवरून मोकळी वायर टाकली तर ती उंदरांच्या तोंडी जाते आणि पावसाळ्यात कौलातून ठिबकणारे पाणी तिच्यावर पडते. पेटीची जागा बाहेरच्या भिंतीवर किंवा मोरीला लागून नसावी. बेळगावचा पाऊस अशा भिंतीत महिनोन् महिने मुरतो. छातीच्या उंचीवर, आतल्या कोरड्या भिंतीवर, वीजमीटरपासून दूर आणि बाहेरून लाइन येते त्या कोपऱ्याच्या जवळ ही उत्तम जागा.

एका एक्स्टेंशनला तारांची एक जोडी पुरते. तरीही प्रत्येक टेबलापर्यंत निदान दोन जोड्यांची वायर ओढावी. ऑपरेटरजवळच्या बटनांच्या फोनला काही यंत्रांत दोन जोड्या लागतात: एक बोलण्यासाठी, दुसरी बटने आणि दिव्यांच्या संदेशासाठी. शिवाय एखादी तार तुटली तर हाताशी दुसरी जोडी असते. तार अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या तांब्याची घ्यावी. बाजारात स्वस्तात मिळणारी तांब्याचा मुलामा दिलेली तार मोडते आणि गंजते, तिचा मोह टाळावा. अर्ध्या मिलिमीटरच्या जोडीचा जाऊन-येऊन रोध किलोमीटरला सुमारे १७० ओहम असतो. छोट्या यंत्रांची साधारण मर्यादा फोनसह सहाशे ओहमच्या घरात असते. म्हणजे मागच्या गोदामात किंवा फौंड्रीच्या दुसऱ्या शेडमध्ये फोन नेताना अंतराची चिंता नसते. चिंता असते ती शेजारच्या विजेच्या तारेची. २३० व्होल्टची वायर आणि टेलिफोनची वायर एका पाइपमधून कधीही नेऊ नये. दोन्ही समांतर न्यायच्या असतील तर फूटभर अंतर ठेवावे आणि ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे. हे पाळले नाही तर फोनवर गुणगुण ऐकू येते. इन्सुलेशन सोलले गेले, तर माणसाच्या जिवावर बेतते.

जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, त्या उगाच नव्हे. बाहेरचा विद्युत-गोंगाट दोन्हींवर सारखाच पडतो आणि फोन फक्त दोघींमधला फरक ऐकतो, त्यामुळे तो गोंगाट गळून जातो. जोडताना पीळ लांबवर उलगडला की हा फायदा जातो. एका जोडीतली एक आणि दुसरीतली एक तार घेऊन फोन जोडला तरी तो वाजतो, बोलणेही होते, पण शेजारच्या टेबलावरचे संभाषण त्यात ऐकू येते. वायरिंगमधली ही सर्वांत चकवणारी चूक आहे.

ती टाळण्यासाठी रंगांचा क्रम पाठ हवा. मुख्य रंग पाच: पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. सोबतीचे रंगही पाच: निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा. पांढऱ्याबरोबर हे पाच क्रमाने आले की जोडी १ ते ५, लालबरोबर ६ ते १०, आणि असेच पुढे पंचविसापर्यंत. काळा-तपकिरी दिसला की ती चौदावी जोडी.

सगळ्या वायरी पेटीशेजारच्या एमडीएफवर येतात. हे क्रोन मॉड्यूलचे छोटे कपाट असते आणि एका मॉड्यूलवर दहा जोड्या बसतात. क्रोन टूलने तार खाचेत दाबली की पाती इन्सुलेशन चिरून तांब्याला घट्ट धरतात. तार सोलावी लागत नाही, स्क्रू आवळावा लागत नाही. एका पट्टीवर पेटीचे पोर्ट, दुसरीवर टेबलांकडे जाणाऱ्या जोड्या आणि मध्ये जंपर वायर. माणूस एका खोलीतून दुसरीत बसायला गेला तर त्याचा नंबर तिकडे नेण्यासाठी फक्त जंपर हलवायचा. हे कपाट वाचवून वायरी थेट पेटीत खुपसण्याची पद्धत सर्वत्र दिसते. तिच्यामुळे वाचतात ते थोडे पैसे आणि पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला वाया जातात ते तास. कोणती जोडी कुठे जाते याचा तक्ता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला हवा. हे काम पूर्ण झाल्याचे खरे प्रमाणपत्र तोच.

अर्थिंगवर मात्र थांबायला हवे, कारण इथे जागेचा गुणधर्म आडवा येतो. बेळगावच्या परिसरात जांभा दगड आणि तांबडी माती भरपूर आहे. ही जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की वीज नीट जिरवत नाही. आणि विजांचा कडकडाट होतो तो एप्रिल-मेच्या वळवात. म्हणजे अर्थिंगची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच ते सर्वांत कमजोर असते. खांबांवरून आलेल्या लाइनवर वीज पडली किंवा जवळपास कोसळली, तर व्होल्टेजची लाट तारेने थेट पेटीत शिरते आणि लाइनचे कार्ड जळते. उपाय दोन, आणि ते एकमेकांशिवाय निकामी आहेत. एमडीएफवर बाहेरून येणाऱ्या प्रत्येक जोडीला गॅस डिस्चार्ज ट्यूबचे संरक्षक मॉड्यूल बसवायचे. मग त्याची तार जाड आणि आखूड ठेवून चांगल्या अर्थपिटला जोडायची. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून, पाइपमधून उन्हाळाभर पाणी सोडत राहावे लागते. भारतीय मानक आयएस ३०४३ मध्ये अर्थिंगची पद्धत सविस्तर दिली आहे. कारखान्यातली दुसरी शेड वेगळी असेल तर उघड्यावरून गेलेल्या त्या वायरीच्या दोन्ही टोकांना संरक्षण हवे.

वीज गेल्यावरचा विचार आधीच करावा लागतो. तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंजच्या बॅटरीचे ४८ व्होल्ट असतात. त्यामुळे घरची वीज गेली तरी साधा फोन चालतो, पण ईपीएबीएक्स बंद पडतो. म्हणून बहुतेक यंत्रांत वीज जाताच पहिली लाइन एका ठरावीक एक्स्टेंशनला थेट जोडणारा रिले असतो. तिथे साधा फोन ठेवावा, बटनांचा नव्हे. दवाखान्यात तो रिसेप्शनला असणे अत्यावश्यक. त्याउपर यूपीएस असावाच.

आता प्रोग्रॅमिंग. ते साधारणपणे पहिल्या एक्स्टेंशनच्या बटनांच्या फोनवरून होते. एक्स्टेंशनचे नंबर ० किंवा ९ ने सुरू करू नयेत, बाहेरची लाइन घेण्यासाठी ते आकडे लागतात. दिवसा येणारा कॉल कुठे वाजेल आणि रात्री कुठे, ते वेगवेगळे ठरवता येते. कोणाला बाहेर किती दूरचा नंबर फिरवता येईल याच्या तक्त्याला सीमाभागात वेगळाच रंग चढे. निपाणीचा व्यापार कोल्हापूरशी जोडलेला, अंतर सुमारे चाळीस किलोमीटर, तरी निपाणीचा कोड ०८३३८ आणि कोल्हापूरचा ०२३१. म्हणजे रोजचा व्यवहार एसटीडीचा. अशा पेढीत ‘शून्य बंद’ करून भागत नसे. सगळे बंद ठेवून ०२३१ तेवढा उघडा ठेवावा लागे.

१ मार्च २००६ पासून बीएसएनएलच्या ‘वन इंडिया’ योजनेत देशभर मिनिटाला एक रुपया दर आला आणि एसटीडी कुलपाचे महत्त्व ओसरले. पण जुने तक्ते यंत्रात तसेच राहिले आणि १५ जानेवारी २०२१ ला त्यांनी घोळ घातला. त्या दिवसापासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य फिरवणे सक्तीचे झाले. शून्य बंद असलेल्या एक्स्टेंशनवरून मोबाइल लागेनासे झाले. शून्यानंतर ९ आला तर तो मोबाइल नक्की. मात्र ७ किंवा ८ आला तर तो मोबाइलही असू शकतो आणि नागपूरचा ०७१२ किंवा गोव्याचा ०८३२ सुद्धा. दोन आकड्यांवरून यंत्राला ते ओळखता येत नाही. त्यामुळे आज कुलूप काढून टाकणे हाच सरळ मार्ग.

बाहेरच्या माणसाला थेट एक्स्टेंशन फिरवू देणारी सोय लावली असेल, तर यंत्राचा मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. नाहीतर कोणीतरी दूरवरून त्याच वाटेने आत शिरून परदेशी कॉल करतो आणि बिल मालकाच्या नावे येते. स्वागताचा ध्वनिमुद्रित संदेश टिळकवाडीत मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत हवा, इंग्रजी हवे तर तिसरे. तो लहान असावा आणि कोणता आकडा दाबायचा हे पहिल्याच वाक्यात यावे.

कार्यालय टिळकवाडीत आणि कारखाना उद्यमबागेत, ही इथली नेहमीची स्थिती. मध्ये सार्वजनिक रस्ते आणि रेल्वे आहे, तिथून स्वतःची खाजगी वायर ओढता येत नाही. पूर्वी टेलिफोन खात्याकडून दोन यंत्रे जोडणारी भाड्याची लाइन घ्यावी लागे. आता दोन्हीकडे आयपी यंत्र किंवा गेटवे बसवून इंटरनेटवरून एक्स्टेंशन जोडतात. आवाज तुटू नये यासाठी राउटरमध्ये बोलण्याच्या पॅकेटना अग्रक्रम द्यावा आणि नव्या वायरिंगसाठी सरळ कॅट-६ केबल ओढावी. तिच्या चार जोड्यांवर साधा फोनही चालतो.

तांब्याची लाइन जाऊन फायबर आले की आणखी एक गोष्ट बदलते. लँडलाइन आता ओएनटी नावाच्या छोट्या डबीतून निघते आणि ती डबी घरच्या विजेवर चालते. वीज गेली की लाइनही जाते आणि ईपीएबीएक्समधला तो रिले निरुपयोगी ठरतो. म्हणून ओएनटी त्याच यूपीएसवर घ्यावी लागते. डबीच्या पोर्टची घंटी वाजवण्याची ताकदही बेताची असते. एका लाइनवर समांतर चार जुने फोन लावले तर एकही धड वाजत नाही. जोडणी झाल्यावर प्रत्येक एक्स्टेंशनवरून आत, बाहेर, मोबाइलवर आणि ११२ वगळता उरलेल्या सेवांच्या नंबरांवर कॉल करून पाहावा. मग मुख्य वीज मुद्दाम बंद करून तीच चाचणी पुन्हा घ्यावी आणि निकाल कपाटाच्या दारावरच्या तक्त्यात तारखेसह लिहावा.